मोहर्लीला वाघ बघायला जाताय? मग वाटेतलं ११ किलोमीटर परकोटाचं शहर सोडू नका

ताडोबाचा प्लॅन ठरतो तेव्हा मित्रांच्या ग्रुपवर काय चर्चा असते? सफारी कोणत्या गेटची मिळाली, जिप्सीत कोण कोण, वाघ दिसेल का, आणि मोहर्लीत राहायचं कुठं. नागपूर किंवा चंद्रपूर स्टेशनला उतरायचं, गाडी करायची, थेट मोहर्ली गाठायची. सकाळची सफारी, दुपारची सफारी, आणि परत.

या सगळ्यात एक शहर नेहमी सुटतं. ज्या शहराच्या नावाची पाटी बघत आपण मोहर्लीला पोहोचतो, ते चंद्रपूर.

"चंद्रपुरात काय आहे बघायला? ऊन, कोळसा आणि वीज केंद्राच्या चिमण्या." हे वाक्य तुमच्या ग्रुपमधला एक मित्र हमखास बोलणार. त्याला चूकही म्हणता येत नाही, कारण रस्त्यावरून जाताना हेच दिसतं. पण याच शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला सुमारे ११ किलोमीटर लांबीचा दगडी परकोट आहे. चार मोठे दरवाजे, पाच खिडक्या, आत राजघराण्याच्या समाध्या आणि एका राणीनं नवऱ्याच्या आठवणीत बांधलेली वास्तू आहे. १८५८ साली जिथं एका तरुण गोंड जमीनदाराला इंग्रजांनी फाशी दिली, ती जागाही इथंच आहे.

मोहर्लीहून चंद्रपूर साधारण ३० किलोमीटर. ताडोबा दर मंगळवारी बंद असतो. म्हणजे मोहर्लीत मुक्काम असेल आणि मध्ये मंगळवार आला, किंवा सकाळच्या सफारीनंतरची दुपार मोकळी असेल, तर एक मित्र सोबत घ्या आणि हे शहर बघून या. काय बघायचं, कोणत्या क्रमानं आणि त्यामागची गोष्ट काय, ते बघू.

आधी एक तुलना, युरोपशी

इन्स्टाग्रामवर क्रोएशियातल्या दुब्रोवनिकचे रील्स सगळ्यांनीच बघितलेत. समुद्राकाठचं जुनं शहर, लाल कौलं आणि शहराभोवतीच्या तटावरून चालणारे पर्यटक. तो तट साधारण २ किलोमीटरचा आहे. स्पेनमधल्या आविला शहराचा तट सुमारे अडीच किलोमीटरचा. इटलीतल्या लुक्का शहराचा तट ४ किलोमीटरच्या थोडा वर, त्यावर लोक सायकल चालवतात, संध्याकाळी फिरायला येतात. इंग्लंडमधल्या यॉर्कलाही जुन्या तटावरून तीनेक किलोमीटर चालता येतं.

आणि चंद्रपूरचा परकोट? ११ किलोमीटर.

आता लगेच 'आपलं ते भारी' असं म्हणून मोकळं व्हायचं कारण नाही. दुब्रोवनिकचा तट आज जवळजवळ अखंड आहे, त्याची देखभाल होते, त्यावर चढायला तिकीट लागतं आणि ते काढायला रांग लागते. चंद्रपूरच्या परकोटाला मात्र कित्येक ठिकाणी घरं चिकटलेली आहेत, काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी दगड सुटलेत आणि आतापर्यंत त्याचा बराचसा भाग झुडपांत आणि कचऱ्यात गेला होता. फरक लांबीत नाही. लोक कशाला बघण्यासारखं मानतात, यात आहे.

हे शहर वसलं कसं?

मराठीत आपण 'चांदा ते बांदा' म्हणतो. म्हणजे अख्खा महाराष्ट्र. त्यातला बांदा सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेवर. आणि चांदा म्हणजे हे चंद्रपूर. गोंड काळापासून ब्रिटिश काळापर्यंत नाव चांदाच होतं. १९६४ च्या सुमाराला सरकारी कागदावर ते चंद्रपूर झालं. पण आजही 'चांदा फोर्ट' नावाचं रेल्वे स्टेशन आहे आणि जुनी माणसं बोलताना चांदाच म्हणतात.

गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला होती, जे आज तेलंगणात आहे. मग ती वर्धा नदीकाठी बल्लारपूरला आली आणि तिथून चांद्याला. चांदा वसवणारा राजा म्हणून खांडक्या बल्लाळशाहचं नाव घेतलं जातं.

त्याची गोष्ट चंद्रपुरातली लहान पोरंही सांगतात. राजाच्या अंगावर गाठी, फोड होते, काही केल्या बरे होत नव्हते. 'खांडक्या' हे नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. एकदा शिकारीला गेला असताना तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, पण एका खळग्यात थोडं पाणी सापडलं. राजा ते प्यायला, हातपाय धुतले आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीनं बघितलं तर फोड गेलेले. मग दोघं त्या खळग्यापाशी गेले. तिथं गायीच्या खुरांच्या खुणा होत्या आणि त्यात पाणी भरलेलं होतं. ती जागा म्हणजे आजचं अचलेश्वर मंदिर.

पुढची गोष्ट परकोटाची. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे. हे उलटंच घडतंय म्हटल्यावर राजा चकित झाला. राणीनं सल्ला दिला की हा शुभशकुन आहे, ससा ज्या वाटेनं पळाला त्या वाटेवर तट बांधा आणि आत शहर वसवा. घोड्यांच्या टापांचा माग धरून आखणी झाली, असं सांगतात.

ही दंतकथा आहे, हे उघड आहे. ससा कुत्र्याच्या मागे लागून शहर वसण्याच्या गोष्टी दक्षिणेत विजयनगरपासून इतर ठिकाणीही सांगितल्या जातात. पण नकाशा उघडून बघितलं तर जागेची निवड किती विचार करून केली होती, ते कळतं. शहराच्या पश्चिमेला इरई नदी, पूर्वेला झरपट, आणि दक्षिणेला दोघींचा संगम. दोन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जागेभोवती १५ ते २० फूट उंचीचा तट. शत्रूपासूनही बचाव आणि पुरापासूनही.

इतका मोठा परकोट एका राजाच्या काळात पूर्ण होणं शक्यच नव्हतं. खांडक्या बल्लाळशाहनं सुरुवात केली आणि पुढच्या कित्येक पिढ्या ते काम चालू राहिलं.

चार दरवाजे, पाच खिडक्या

चंद्रपूर समजून घ्यायचं तर एवढंच पाठ करा.

उत्तरेला जटपुरा दरवाजा. दक्षिणेला पठाणपुरा दरवाजा. पूर्वेला अचलेश्वर दरवाजा. पश्चिमेला बिनबा दरवाजा.

आणि पाच खिडक्या. या घराच्या खिडक्या नव्हेत. परकोटातून पायी ये-जा करण्यासाठी ठेवलेले लहान दरवाजे म्हणजे खिडक्या. त्यांची नावं बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर. मसाण खिडकीच्या नावातच तिचा उपयोग आहे, मसण म्हणजे स्मशान.

दरवाज्यांजवळ गेलात की कमानीच्या बाजूला वर बघा. तिथं दगडात एक शिल्प दिसेल. सिंहासारखा प्राणी हत्तीवर स्वार झालाय किंवा त्यानं हत्तीला पंजाखाली दाबलंय. हे गोंड राजांचं राजचिन्ह. हत्तीपेक्षा सिंह मोठा दाखवलाय, हे लक्षात घ्या. आमच्यापेक्षा आकारानं मोठा शत्रू असला तरी आम्ही भारी, असा साधा सरळ निरोप. मित्रासोबत शर्यत लावा, चारही दरवाज्यांवर ही चिन्हं कोण आधी शोधतं. एका जागी उभं राहून फोटो काढण्यापेक्षा यात शहर जास्त बघून होतं.

एका दिवसाचा रस्ता

मोहर्लीहून पद्मापूरमार्गे निघालात की जंगल, इरई धरणाच्या बाजूचा परिसर आणि कोळसा खाणींचा पट्टा असं तीन प्रकारचं चंद्रपूर तासाभरात दिसतं. या रस्त्यावर गाडी हळू चालवा. हा जंगलाचा रस्ता आहे, प्राणी कधीही आडवे येतात.

१. जटपुरा दरवाजा

शहरात शिरताना पहिली भेट याच्याशी. चंद्रपूरचा मुख्य रस्ता आजही या दरवाज्यातून जातो. ऑटो, दुचाकी, शाळेच्या गाड्या, सगळं काही. हत्ती आणि घोड्यांसाठी बांधलेल्या कमानीतून आज अख्ख्या शहराचं ट्रॅफिक जातं. त्यामुळे इथली कोंडी हा चंद्रपूरकरांचा रोजचा विषय आहे. थांबून बघायचं असेल तर सकाळी लवकर या.

आत शिरल्यावर सरळ रस्ता गांधी चौकाकडे जातो. हा जुन्या शहराचा मध्य. इथं चहा घ्या, तर्री पोहे खा. एक गोष्ट लक्षात ठेवा. इथं कुणी 'सांबार टाकू का?' असं विचारलं तर ते इडलीसोबतचं सांबार नाही. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईचा मित्र सोबत असेल तर त्याला आधी सांगू नका.

२. जुनं कारागृह आणि बाबूराव शेडमाके

चंद्रपूरचं कारागृह गोंड राजांच्या जुन्या राजवाड्याच्या जागेत आहे. इथंच २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. तेव्हा ते जेमतेम २५ वर्षांचे होते.

१८५७ चा उठाव म्हटलं की आपल्याला मेरठ, झाशी, कानपूर आठवतं. पण १८५८ च्या मार्चपासून अहेरीच्या भागात, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, बाबूरावांनी गोंड तरुणांना एकत्र करून इंग्रजांविरुद्ध लढाई सुरू केली होती. कॅप्टन क्रिक्टन हा तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर. त्याच्या फौजेला त्यांनी जंगलात हैराण केलं. शेवटी फितुरीनं ते पकडले गेले.

कारागृहाच्या आवारातल्या ज्या पिंपळाला त्यांना फाशी दिली, ते झाड आणि त्यांचं स्मारक ही आदिवासी समाजासाठी श्रद्धेची जागा आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला इथं लोक अभिवादनाला येतात. कारागृह चालू आहे, त्यामुळे इतर दिवशी आत शिरण्याचा किंवा भिंतीवरून मोबाईल धरून फोटो काढण्याचा प्रयत्न करू नका. बाहेरून बघा, दोन मिनिटं थांबा.

३. अचलेश्वर मंदिर आणि गोंड राजांच्या समाध्या

एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघा.

अचलेश्वर दरवाज्याजवळ मंदिर आहे आणि त्याच्या शेजारी गोंड राजघराण्याच्या समाध्या. यातली सगळ्यात मोठी आणि देखणी समाधी राजा बीरशाहची. ती त्याच्या पत्नीनं, राणी हिराईनं बांधून घेतली.

बीरशाहची गोष्ट एखाद्या सिनेमासारखी आहे. त्याच्या मुलीचं लग्न देवगडच्या राजघराण्यात झालं होतं. तिथं तिचा अपमान झाला, म्हणून बीरशाह देवगडवर चालून गेला. जावयाचं डोकं महाकालीला वाहीन, असा नवस त्यानं केला होता आणि तो फेडलाही, असं सांगतात. त्याला मुलगा नव्हता. त्यानं दुसरं लग्न करायचं ठरवलं आणि त्याच लग्नाच्या वेळी हिरामण नावाच्या त्याच्या पदरी असलेल्या एका राजपुतानं त्याला ठार मारलं.

मागे राहिली हिराई. तिनं चंदनखेड्याच्या नातेवाईक घराण्यातला रामशाह नावाचा लहान मुलगा दत्तक घेतला आणि तो मोठा होईपर्यंत स्वतः राज्य चालवलं. हा काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. उत्तरेत औरंगजेबाचा शेवट, मराठ्यांची धामधूम, सगळीकडे उलथापालथ. त्या काळात एक विधवा राणी चांद्यात कारभार करत होती, देवळं बांधत होती आणि नवऱ्याची समाधी उभारत होती.

ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला, हे सगळ्या जगाला माहिती आहे. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली ही वास्तू मात्र चंद्रपूरच्या बाहेर फार थोड्यांना माहिती आहे. आणि तीही कोणत्या नवऱ्यासाठी? जो दुसऱ्या लग्नाला निघाला होता, त्याच्यासाठी. हे लक्षात ठेवून समाधीसमोर उभे राहा. तुमच्या दोघांत यावर वाद होईल आणि तो व्हायलाच हवा.

४. महाकाली मंदिर

अचलेश्वर दरवाज्याच्या पलीकडे, झरपट नदीच्या बाजूला महाकालीचं देऊळ. आजच्या मंदिराचं श्रेयही हिराईलाच दिलं जातं. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. गंमत म्हणजे या यात्रेला सगळ्यात जास्त गर्दी मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडच्या बाजूनं येते. लोक पिढ्यानपिढ्या येतात, नदीकाठी मुक्काम करतात, पोतराज येतात, देवीची गाणी चालतात. ऐन उन्हाळ्यात, चंद्रपूरच्या उन्हात.

यात्रेच्या दिवसांत जाणार असाल तर मोबाईल थोडा खाली ठेवा. अंगात आलेल्या बाईचा, नवस फेडणाऱ्या कुटुंबाचा चेहरा दाखवून रील करणं हे पर्यटन नव्हे.

५. लालपेठचे अपूर्ण देव

अचलेश्वरच्या बाजूनं पुढे लालपेठ, बाबूपेठकडे जा. इथं उघड्यावर प्रचंड मोठ्या एकसंध दगडातल्या मूर्ती पडलेल्या आहेत. सगळ्यात मोठी मूर्ती २० फुटांहून लांब. दहा तोंडांच्या या मूर्तीला लोक रावण म्हणतात. प्रत्यक्षात ती देवीची आहे. आजूबाजूला गणपती, नंदी, मत्स्य, कूर्म, शिवलिंग अशा मूर्ती आहेत.

रायप्पा नावाच्या एका श्रीमंत वैश्यानं त्या घडवायला घेतल्या होत्या, भव्य मंदिर बांधायचा बेत होता, पण तो मेला आणि काम अर्धवट राहिलं. म्हणून हे 'अपूर्ण देव'. पुरी झालेली देवळं आपण खूप बघतो. काम कुठपर्यंत आलं होतं आणि कुठं थांबलं, हे दगडात दिसणं मात्र दुर्मीळ.

६. पठाणपुरा दरवाजा

शेवट दक्षिणेला करा. जटपुऱ्याच्या मानानं इथं गर्दी कमी असते, त्यामुळे दरवाज्याचं बांधकाम, आतली वळणं आणि शिल्पं निवांत बघता येतात. शत्रूला थेट धडक मारता येऊ नये म्हणून दरवाज्यातून आत शिरताना वाट कशी वळवलीय, ते इथं नीट कळतं.

वेळ उरला तर दीक्षाभूमीला जा. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला इथं त्यांनी लोकांना दीक्षा दिली. म्हणून दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात मोठी गर्दी असते. या तारखांना मुक्काम ठरवत असाल तर राहायची सोय खूप आधी बघा.

गोंड राज्य संपलं कधी?

१७५१ च्या सुमाराला नागपूरच्या भोसल्यांनी चांद्याचं राज्य घेतलं. नीळकंठशाह हा शेवटचा गोंड राजा. पुढे तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याला वेढा घातला आणि तोफांनी परकोटाला खिंडार पाडून शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंग लढता लढता मारला गेला. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारस न ठेवता गेल्यावर इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांदा थेट त्यांच्या ताब्यात गेलं. १९८२ मध्ये या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला.

परकोट वाचला कसा, आणि आता धोका काय?

चंद्रपूरचा परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत आहे. समाध्या आणि लालपेठच्या मूर्तीही. पण संरक्षित असणं आणि सांभाळलं जाणं यात फरक असतो. कित्येक वर्षं तटावर झाडं उगवत होती, बुरुजांवर कचरा पडत होता, चढायला वाटही उरली नव्हती.

१ मार्च २०१७ पासून 'इको-प्रो' या चंद्रपूरच्या संस्थेनं परकोटाची स्वच्छता सुरू केली. बंडू धोतरे हे या संस्थेचे प्रमुख. रोज सकाळी कार्यकर्ते यायचे, झुडपं तोडायचे, कचरा काढायचे. दोनशे दिवस उलटून गेले तरी काम चालूच होतं. ऑक्टोबर २०१७ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी याचा उल्लेख केला, तेव्हा देशभर बातमी झाली. पुढे संस्थेनं परकोटावरून हेरिटेज वॉक सुरू केले. ज्या तटावर चंद्रपूरकर स्वतः कधी चढले नव्हते, तिथं शाळेची पोरं येऊ लागली. शहरातल्या गोंडकालीन रामाळा तलावासाठीही धोतरेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये उपोषण केलं होतं.

पण प्रश्न संपलेला नाही. २०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. एखादी एकटी समाधी असेल तर हे सोपं आहे. पण इथं स्मारकच ११ किलोमीटर लांब आहे आणि ते वस्तीतून जातं. म्हणजे जुन्या शहरातल्या असंख्य घरांना हा नियम लागू होतो. ज्याचं घर परकोटाला लागून आहे, त्याच्यासाठी हा तट म्हणजे अभिमानही आहे आणि घराची दुरुस्ती करतानाची अडचणही.

अशा ठिकाणी लोकांनी परकोट का जपावा? नुसत्या दंडाच्या भीतीनं कुणी जपत नाही. परकोट बघायला माणसं आली, गल्लीतल्या पोराला गाईड म्हणून चार पैसे मिळाले, कोपऱ्यावरच्या टपरीचा धंदा वाढला, तर मात्र हिशेब बदलतो. मोहर्ली गावात हे घडलंय. तिथं गाईड, जिप्सी चालक, होम-स्टे चालवणारी कुटुंबं, या सगळ्यांचं पोट जंगल शाबूत असण्यावर आहे. ३० किलोमीटरवरच्या चंद्रपूर शहरात हे अजून घडायचंय. तुमची एक दुपार तिथं मोजली जाते.

ताडोबा आणि परकोट, दोन वेगळ्या गोष्टी नाहीत

मोहर्ली गेटमधून आत शिरलात की ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठराविक अंतरावर जुने दगडी खांब दिसतात. वाघ शोधण्याच्या नादात बहुतेक जण ते बघतच नाहीत. हे खांब गोंड राजांच्या काळातले आहेत आणि दोरी-घंटा बांधून निरोप पुढे पाठवायला ते वापरायचे, असं गाईड सांगतात. ताडोबा हे नावच मुळी तारू या आदिवासी दैवतावरून आलंय. वाघाशी झुंजताना तारू मारला गेला, अशी कथा आहे. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौष महिन्यात आदिवासी तिथं देवदर्शनाला येत आलेत.

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, आणि १९९५ च्या सुमाराला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. म्हणजे व्याघ्र प्रकल्प म्हणून या जंगलाचं वय ३० वर्षांच्या आसपास. गोंडांचं राज्य त्याच्या कित्येक शतकं आधीचं. जंगलातला खांब आणि शहरातला जटपुरा दरवाजा, दोन्ही एकाच राज्याचे. एक बघून दुसरं सोडणं म्हणजे अर्धाच चंद्रपूर जिल्हा बघणं.

जाण्याआधी हे वाचा

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये वाघ जास्त दिसतात म्हणून लोक उन्हाळ्यात येतात, पण तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत शहर बघायचं तर सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी.

किती वेळ लागतो? वरची सहा ठिकाणं निवांत बघायला चार ते पाच तास. घाईत असाल तर जटपुरा, समाध्या, महाकाली आणि लालपेठ, अडीच-तीन तासांत होतं.

फिरायचं कसं? जुन्या शहरात रस्ते अरुंद आहेत. चारचाकी जटपुऱ्याच्या बाहेर लावा आणि आत ऑटो करा. दोघं असाल तर ऑटो परवडतो. चालकाला 'चारही दरवाजे दाखवा' म्हणा, तो अजून दोन गोष्टी स्वतःहून सांगेल.

परकोटावर चढता येतं का? काही भागात येतं. पण एकटं जाऊ नका. दगड सुटलेले असू शकतात, पावसाळ्यात शेवाळ असतं, साप असतात. हेरिटेज वॉक आहे का ते आधी विचारून घ्या आणि माहीतगार माणसासोबतच जा.

मोबाईल, कॅमेरा, ड्रोन? ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेता येत नाही. शहरात नेता येतो, त्यामुळे सगळी हौस इथं भागवा. ड्रोन मात्र परवानगीशिवाय उडवायचं नाही.

काय करू नये? दगडावर नावं कोरू नका, समाधीवर चढून फोटो काढू नका, खर्रा खाऊन भिंतीवर थुंकू नका. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अजून एक दिवस असेल तर? बल्लारपूरचा वर्धाकाठचा किल्ला जवळ आहे. भद्रावतीला विजासन लेणी, जैन मंदिर आणि भद्रनाग मंदिर आहे. वैनगंगेच्या काठचं मार्कंडा हे कोरीव मंदिर गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ आहे. गडचिरोलीत दारूबंदी आहे, गाडीत काही असेल तर तिकडे नेऊ नका.

थोडक्यात सांगायचं तर

सफारीत वाघ दिसेल की नाही, हे नशिबावर. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा मात्र कुठं जात नाहीत. निदान अजून तरी. मोहर्लीहून परतताना गाडीत बसलेल्या मित्राला एवढंच विचारा, "ट्रेनला अजून चार तास आहेत ना?"

असतील तर गाडी जटपुऱ्याच्या बाहेर लावा आणि चालत आत जा.